फोनची सवय कॉम्प्युटरवर नको: घरच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीच्या तीन आठवडे आधी कराडहून आत्येभावाचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "दादा, आईचं पेज गेलं."

आत्या घरगुती फराळाच्या ऑर्डर घेते. चकली, अनारसे, करंज्या. गिऱ्हाईक सगळं सोशल मीडियावरच्या तिच्या पानावरून येतं. त्या पानाचा पासवर्ड बदललेला होता, त्याला जोडलेला ईमेल बदललेला होता आणि चकल्यांच्या फोटोंच्या वर कुठल्यातरी क्रिप्टो योजनेची जाहिरात लागली होती. ऐन सीझनला.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. ओटीपी कुणाला दिला का? नाही. कुठल्या लिंकवर पासवर्ड टाकला का? नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन होतं का? होतं, मीच लावून दिलं होतं. मग गेलं कसं?

व्हिडिओ कॉलवर त्याने लॅपटॉपचं डाउनलोड्स फोल्डर दाखवलं आणि तिथे उत्तर सापडलं. आठ दिवसांपूर्वी स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी त्याला मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल एकाच पीडीएफमध्ये जोडायचं होतं. त्याने 'फ्री पीडीएफ एडिटर' असं सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली, फाइल उतरवली, टाकली. सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललं. पीडीएफ जोडली गेली, फॉर्म भरला गेला. ती फाइल आम्ही नंतर तपासून घेतली, तेव्हा बऱ्याच अँटिव्हायरसनी तिला पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर म्हणून ओळखलं.

त्याचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं होतं. "अरे पण मी तर ते काम झाल्यावर लगेच काढून पण टाकलं होतं. फोनवर मी असंच करतो. ॲप टाकायचं, काम झालं की उडवायचं."

या वाक्यातच सगळा घोळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आधी फोन आला आणि कॉम्प्युटर नंतर. फोनने लावलेल्या सवयी घेऊन आपण लॅपटॉपवर बसतो, आणि लॅपटॉप हे पूर्णपणे वेगळ्या नियमांनी चालणारं यंत्र आहे हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

लॉजमधला पाहुणा आणि घरचा जावई

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली असते. शेजारच्या ॲपच्या खोलीत काय आहे हे त्याला दिसत नाही. फोटो बघायचे तर विचारावं लागतं, एसएमएस वाचायचे तर विचारावं लागतं, माइक वापरायचा तर विचारावं लागतं. म्हणजे ॲप हा लॉजवर उतरलेला पाहुणा. त्याला त्याच्या खोलीची किल्ली मिळते, बाकीच्यांच्या खोल्यांची नाही. ॲप काढून टाकलं की पाहुणा खोली रिकामी करून जातो.

याचा अर्थ फोन अभेद्य आहे असा नाही. 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नाची पत्रिका' अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल्सनी आपल्याकडे अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पण तिथेही त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी तुमच्याकडूनच मिळवावी लागते. मध्ये एक दार असतं.

विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने टाकलेलं सॉफ्टवेअर म्हणजे घरचा जावई. एकदा उंबरठा ओलांडला की फ्रिज उघडायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही डबल क्लिक करून चालवलेला प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो, म्हणजे जे जे तुम्ही उघडू शकता ते ते तो उघडू शकतो. डॉक्युमेंट्समधला पॅन कार्डचा स्कॅन, डेस्कटॉपवरची 'पासवर्ड्स' नावाची नोटपॅड फाइल, ब्राउझरने जपून ठेवलेली माहिती. यासाठी तो एकही प्रश्न विचारत नाही. 'तुम्ही या ॲपला बदल करू देता का?' अशी जी खिडकी येते, ती विंडोजच्या व्यवस्थेत बदल करायचा असेल तेव्हा येते. तुमच्या फायली फक्त वाचायच्या असतील तर ती येतच नाही.

आणि काढून टाकण्याचं काय? चोरी व्हायला काही सेकंद पुरतात. आठव्या दिवशी सॉफ्टवेअर काढून टाकणं म्हणजे चोर गेल्यावर त्याच्या चपला बाहेर फेकण्यासारखं.

ओटीपी न देता अकाउंट कसं जातं?

आत्येभावाला सगळ्यात जास्त याचंच कोडं पडलं होतं.

तुम्ही एखाद्या साइटवर पासवर्ड आणि ओटीपी टाकून आत जाता, तेव्हा ती साइट तुमच्या ब्राउझरकडे एक छोटी खूण देऊन ठेवते. तिला सेशन कुकी म्हणतात. पुढच्या वेळी साइट फक्त ती खूण बघते. नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाताना मिळणाऱ्या गेटपाससारखं हे आहे. परत येताना तिकीट कोणी विचारत नाही, पास दिसला की आत. आता हा पास दुसऱ्याच्या हातात पडला तर? तोही आत.

ब्राउझरमधले पासवर्ड आणि या कुकीज उचलून पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला इन्फोस्टीलर म्हणतात. हा आता मोठा धंदा झाला आहे. लुमा नावाचा एक इन्फोस्टीलर तर भाड्याने मिळायचा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या यंत्रणांच्या मदतीने त्याचं जाळं तोडलं, तेव्हा कळलं की १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले होते. त्या कारवाईत सुमारे २,३०० डोमेन बंद करण्यात आली.

ब्राउझर बनवणारे हातावर हात ठेवून बसलेत असं नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ पासून विंडोजवर कुकीजना जास्तीचं कुलूप लागलं. पण स्टीलर विकणाऱ्यांनी काही आठवड्यांतच त्यातून वाट काढली. म्हणून ब्राउझर सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका. चोर घरात शिरूच नये हे आपल्या हातात आहे आणि तो क्षण डाउनलोडचा आहे.

सगळ्यात वरची लिंक खरी असेलच असं नाही

सर्च केल्यावर सगळ्यात वर जे येतं, त्यावर बरेचदा बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ती जागा विकत घेतलेली असते. विकत घेणारा कोण, हे आपण बघत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर सूचना केली की गुन्हेगार सर्चमधल्या जाहिराती विकत घेऊन नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब साइट्सवर लोकांना नेत आहेत. त्याच सूचनेत सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा असाही सल्ला होता. एका सरकारी तपास यंत्रणेने 'जाहिराती अडवा' असं सांगावं, यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते समजून घ्या.

२०२५ च्या उन्हाळ्यात तर याहून पुढची पायरी दिसली. 'ॲपसूट पीडीएफ एडिटर' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर जाहिरातींमधून पसरवलं गेलं. जूनअखेरीपासून लोक ते टाकत होते. ते साधं पीडीएफ एडिटर म्हणून चालत होतं आणि त्यावर डिजिटल सहीसुद्धा होती. २१ ऑगस्टला त्याच्या आतलं चोरीचं यंत्र चालू करण्यात आलं आणि ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज बाहेर जायला लागल्या. सुमारे दोन महिने ते गप्प होतं. म्हणजे 'मी कधीपासून वापरतोय, काही झालं नाही' हा पुरावा धरता येत नाही.

आता आपल्या घरातलं उदाहरण घ्या. मराठी टायपिंग. 'गुगल इनपुट टूल्स मराठी ऑफलाइन' हे सॉफ्टवेअर आजही टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, शाळांच्या ऑफिसात पेन ड्राइव्हवरून फिरतं. त्याची विंडोजवर ऑफलाइन चालणारी आवृत्ती गुगलने केव्हाच बंद केली. गुगलच्या पानावर ती मिळत नाही. मग सर्च केल्यावर जी मिळते ती कोण देतं? भलतंच कोणीतरी. त्यातली एखादी फाइल जुनी पण खरी असेलही, पण तुम्ही ते कसं ठरवणार? आणि मुळात तिची गरजच नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आलेला आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, फोनेटिक कीबोर्ड निवडा, संपलं.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. २०२२ च्या सुरुवातीपासून भारतात अनेक इंटरनेट कंपन्यांवर व्हीएलसी मीडिया प्लेअरची अधिकृत साइट उघडेना. सरकारी आदेशाने ती अडवली होती आणि कारण लोकांना सांगितलं गेलं नव्हतं. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. पण मधल्या काळात लोकांनी काय केलं असेल? सिनेमा तर बघायचा होताच. अधिकृत दुकान बंद दिसलं की माणूस फुटपाथवरून घेतो. अशी वेळ आली तर आडबाजूची साइट शोधू नका, ते सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर आहे का हे बघा.

'मी रोबोट नाही' म्हणताना कीबोर्ड लागत नाही

२०२४ पासून एक नवी युक्ती जोरात आहे. तिला क्लिकफिक्स म्हणतात. एखादी साइट उघडली की 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी खिडकी येते. नेहमी आपण सिग्नल किंवा बसचे फोटो निवडतो. इथे मात्र सांगितलं जातं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.

या तीन पायऱ्यांत काय होतं बघा. साइटने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या पायरीने विंडोजची आज्ञा देण्याची खिडकी उघडते, दुसरीने ती आज्ञा तिथे चिकटते, तिसरीने ती चालते आणि पुढचं सॉफ्टवेअर आपोआप उतरतं. इथे 'डाउनलोड करू का' असं ब्राउझर विचारत नाही, कारण काम ब्राउझरने केलेलंच नसतं, तुमच्याच बोटांनी केलेलं असतं.

नियम सोपा आहे. कुठलाही खरा कॅप्चा तुम्हाला ब्राउझरच्या बाहेर नेत नाही. नेत असेल तर टॅब बंद करा.

क्रॅकचं काय?

इथे उपदेश करणार नाही, कारण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्या होस्टेलच्या पूर्ण मजल्यावर खरेदी केलेलं एकही सॉफ्टवेअर नव्हतं. पैसे नसतात हे खरं आहे. असेंबल करून देणारा दुकानदारही विंडोज 'ॲक्टिव्हेट' करून देतो आणि आपण बघत नाही की कशाने केलं.

पण हिशोब मांडून बघा. क्रॅकच्या सोबतच्या सूचना आठवा: अँटिव्हायरस बंद करा, फोल्डर तपासणीतून वगळा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. शिवाय झिप फाइलला पासवर्ड असतो आणि तो बाजूलाच लिहिलेला असतो. तो पासवर्ड तुमच्या सोयीसाठी नसतो. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणून तो असतो. इतक्या सूचना पाळल्यावर आत काय शिरलं हे तपासायला कॉम्प्युटरकडे काही उरतच नाही.

पर्याय आहेत. ऑफिससाठी लिब्रेऑफिस, फोटोसाठी जिम्प, चित्रांसाठी क्रिटा, व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. ॲक्टिव्हेट न केलेल्या विंडोजमध्ये कोपऱ्यात एक ओळ दिसत राहते आणि वॉलपेपरसारख्या गोष्टी बदलता येत नाहीत, पण संशयास्पद ॲक्टिव्हेटर चालवण्यापेक्षा ती कोपऱ्यातली ओळ परवडली.

अधिकृत साइटच फसली तर?

आता जरा अडचणीचा प्रश्न. सगळं नियमाने केलं, अधिकृत जागेवरूनच घेतलं, तरी होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि झालेलं आहे.

२०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी बनवणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेत शिरून आपला कोड घुसवला. १५ ऑगस्टपासून जवळपास महिनाभर ती आवृत्ती कंपनीच्या अधिकृत साइटवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसकट वाटली जात होती. सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती पोचली.

आणि ताजी घटना नोटपॅड प्लस प्लसची. कोड लिहिणारे आपण बरेच जण ते वापरतो. त्याचे निर्माते डॉन हो यांनी फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला सविस्तर सांगितलं की जून २०२५ पासून काही महिने हल्लेखोरांनी त्यांच्या साइटच्या होस्टिंग सर्व्हरमध्ये शिरकाव केला होता. तिथून काही निवडक लोकांच्या अपडेटच्या विनंत्या भलत्याच सर्व्हरकडे वळवल्या जात होत्या. जुना अपडेटर आलेल्या फाइलची सही काटेकोरपणे तपासत नव्हता, हे त्यातलं कच्चं दार होतं. ते नंतरच्या आवृत्तीत बंद केलं गेलं.

मग अधिकृत साइटचा आग्रह धरून उपयोग काय? उपयोग आहे. अशा घटना क्वचित होतात, त्यांच्यावर जगभरातल्या तज्ज्ञांची नजर असते आणि उघडकीला आल्यावर दुरुस्ती येते. नोटपॅड प्लस प्लसच्या बाबतीत तर निवडक लोकांनाच लक्ष्य केलं होतं. बनावट साइटवर मात्र येणारा प्रत्येक जण लक्ष्य असतो. एका बाजूला पुलावरून जाताना पूल पडण्याची शक्यता आहे, दुसऱ्या बाजूला पुलाशिवाय नदी ओलांडणं आहे. पण यातून एक गोष्ट शिकायची: एकाच कुलपावर सगळं घर सोपवायचं नाही.

मग करायचं काय? सहा गोष्टी

१. आधी विचारा, टाकायची गरज आहे का? विंडोज ११ मध्ये बऱ्याच गोष्टी आतच आहेत. स्क्रीन रेकॉर्ड करायला स्निपिंग टूल आहे. २०२३ च्या शेवटापासून आरएआर आणि सेव्हनझेड फाइल्स थेट उघडतात. पीडीएफ फॉर्म भरायला एज ब्राउझर पुरतो. न टाकलेलं सॉफ्टवेअर कधी हॅक होत नाही.

२. कुठून घ्यायचं ते ठरवून ठेवा. पहिली पसंती मायक्रोसॉफ्ट स्टोअर. तिथे नसेल तर बनवणाऱ्याची अधिकृत साइट, तीही प्रायोजित लिंक सोडून आणि पत्त्याचं स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचून. खात्री नसेल तर त्या सॉफ्टवेअरच्या विकिपीडिया पानावर दिलेला पत्ता पडताळून बघा. थोडं टेक्निकल जमत असेल तर विंडोजमध्ये विंगेट नावाची सोय आहे. एक ओळ टाइप केली की ती सॉफ्टवेअर उतरवते आणि उतरलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, नोंदीतल्या हॅशशी जुळतो का हे बघूनच पुढे जाते.

३. फाइल उघडण्याआधी अर्धा मिनिट द्या. फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवण्याचा पर्याय चालू करा. म्हणजे 'बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं सोंग लगेच दिसेल. मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. सही आहे का, आणि सही करणाऱ्याचं नाव बनवणाऱ्याशी जुळतं का? वर बघितलं तसं सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही, पण सॉफ्टवेअर एका कंपनीचं आणि सही तिसऱ्याच कुणाची, असं असेल तर तिथेच थांबा. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाका. ती एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून तपासते. फक्त तिथे स्वतःची खासगी कागदपत्रं टाकू नका, कारण तिथे टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते.

४. निळी खिडकी आली की घाई नको. 'विंडोजने तुमचा पीसी वाचवला' अशा अर्थाची निळी खिडकी येते. तिचा अर्थ फाइल वाईटच आहे असा नसतो, ती फारशी कुणी उतरवलेली नाही आणि ओळखीची नाही असा असतो. पण तुम्ही व्हीएलसीसारखं कोट्यवधी लोकांनी वापरलेलं सॉफ्टवेअर टाकताय आणि विंडोज म्हणतंय की ओळखत नाही, तर काहीतरी गडबड आहे. तिथे 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' दाबायची जी सवय आपल्या बोटांना लागली आहे, ती मोडा. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा आणि सोबत आलेल्या जास्तीच्या वस्तूंच्या टिका काढा.

५. जुनं सॉफ्टवेअर अपडेट करा, नाहीतर काढा. विनरार आपोआप अपडेट होत नाही. जुलै २०२५ मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी ७.१३ आवृत्तीत दुरुस्त झाली, तेव्हा तिचा गैरवापर आधीच सुरू झालेला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी टाकलेलं विनरार तुमच्याकडे अजून तसंच असेल, तर ती त्रुटीही तशीच आहे. हेच विंडोज १० चं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करा. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत.

६. घरात माणसं चार, तर खाती चार. सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोक करतात ती गोष्ट ही. आपल्याकडे घरात एक लॅपटॉप असतो आणि त्यावर एकच खातं असतं. त्याच खात्यात धाकट्याचे गेम, बाबांचं नेट बँकिंग, आईचं पान, ताईचा एमपीएससीचा फॉर्म. धाकट्याने काही भलतं टाकलं की सगळ्यांचं जातं.

विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं काढता येतं, फुकट. सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर यूझर्स. रोजच्या वापराची सगळी खाती 'स्टँडर्ड' ठेवा. 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातं एकच, वेगळं, त्याचा पासवर्ड जबाबदार माणसाकडे, आणि ते फक्त सॉफ्टवेअर टाकायला. स्टँडर्ड खात्यात चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खात्यातल्या फायली आणि ब्राउझर उघडू शकत नाही. धाकट्याच्या खात्यात चोर शिरला तर धाकट्याचंच जातं. तेही वाईट, पण बाबांचं बँकिंग वाचतं. फोनमध्ये प्रत्येक ॲपला जी वेगळी खोली मिळते, तशी इथे निदान प्रत्येक माणसाला मिळते.

गडबड झालीच तर

संशय आला की लॅपटॉपचं वायफाय बंद करा. त्या लॅपटॉपवरून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोराला दिसेल. फोन घ्या. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीची खाती. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय शोधून दाबा. चोरलेला गेटपास त्यानेच रद्द होतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मग आपल्या फायलींचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाका. फायली म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, जुने सेटअप नव्हेत.

आत्याचं पान परत मिळालं नाही. तिने नवं काढलं. सुदैवाने तिला गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत लिहायची सवय होती, म्हणून दिवाळीच्या निम्म्या तरी ऑर्डरी हाती लागल्या. आत्येभाऊ दोन रात्री बसून त्या वहीतल्या एकेका नंबरला मेसेज करत होता, पश्चात्ताप म्हणून म्हणा. आता त्यांच्या लॅपटॉपवर तीन खाती आहेत आणि ॲडमिनचा पासवर्ड आत्याकडे आहे. परवा त्याला एक गेम टाकायचा होता तर तिने विचारलं, "कुठून आणलास? दाखव आधी."

एवढा एक प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तुमच्या घरी तो विचारणारं कोणी नसेल तर तुम्हीच विचारा, आणि आज रात्री दहा मिनिटं काढून आईबाबांसाठी लॅपटॉपवर वेगळं खातं तेवढं काढून द्या.